परदेशी गिऱ्हाइकाला प्रस्ताव कसा पाठवावा?

आमच्या भाच्याने भिवंडीत एम्ब्रॉयडरीच्या पंचिंगचे काम शिकून घेतले. पंचिंग म्हणजे चित्र किंवा कंपनीचे चिन्ह पाहून संगणकावर टाक्यांची फाईल तयार करणे. ती फाईल यंत्रात घातली की यंत्र भरतकाम करते. हे काम घरबसल्या परदेशी गिऱ्हाइकासही देता येते असे समजल्यावर त्याने ‘अपवर्क’वर खाते उघडले. इलान्स आणि ओडेस्क या दोन कंपन्या एक झाल्यानंतर 2015 साली हे नाव आले. गिऱ्हाईक तेथे आपले काम जाहीर करतो व कारागीर त्यास प्रस्ताव पाठवतात.

भाच्याने दोन महिन्यांत चाळीस प्रस्ताव पाठवले. एकोणचाळीस ठिकाणांहून उत्तर आले नाही. चाळिसाव्याने लिहिले, “आधी चार डिझाइन करून दाखवा, मग बारा देतो.” मुलाने रात्र जागून चार फाईली पाठवल्या आणि गिऱ्हाईक गायब झाला. “मामू, हा धंदा आपल्यासाठी नाही,” असे म्हणून तो आमच्या दुकानात येऊन बसला.

आम्ही तीस वर्षे कापडाचा व्यापार करतो. संगणक आम्हाला फारसा येत नाही. परंतु त्याचे प्रस्ताव वाचले तेव्हा चूक संगणकाची नसून सौद्याची आहे हे ध्यानी आले. आपल्या समाजातील अनेक हुशार मुले आज याच वाटेवर आहेत, म्हणून चार गोष्टी येथे मांडत आहोत.

1) प्रस्ताव फुकट नसतो

प्रस्ताव पाठवण्यास ‘कनेक्ट’ नावाचे टोकन लागतात. एका कनेक्टची किंमत 0.15 डॉलर आहे. एका प्रस्तावास दहा कनेक्ट लागले असे धरले तर चाळीस प्रस्तावांचे 60 डॉलर होतात. जो व्यापारी प्रत्येक वाटसरूला नमुन्याचा तुकडा कापून देतो, त्याचा ताका विक्रीपूर्वीच संपतो. म्हणून आधी गिऱ्हाईक पारखावा. त्याची पैसे देण्याची सोय तपासलेली आहे काय, यापूर्वी त्याने किती जणांना काम दिले, त्या कारागिरांनी त्याच्याविषयी काय लिहिले, हे सर्व तेथे दिसते. जेथे गिऱ्हाईक स्वतःहून बोलावतो, तेथे कनेक्ट लागत नाहीत. अशा निमंत्रणास आधी उत्तर द्यावे.

2) पहिल्या दोन ओळीत गिऱ्हाइकाचे काम असावे

भाच्याचे सर्व प्रस्ताव “मी मेहनती व प्रामाणिक आहे, मला संधी द्यावी” असे सुरू होत होते. मेहनतीबद्दल आम्हास शंका नाही. पण दुकानात आलेल्या माणसाला आपण स्वतःची तारीफ ऐकवत नाही, त्याला हवा तो पन्हा व पोत दाखवतो. गिऱ्हाइकाला यादीत प्रस्तावाच्या सुरुवातीच्याच ओळी दिसतात. तेव्हा त्या अशा असाव्यात:

“आपले चिन्ह टोपीवर भरायचे आहे. म्हणून टाके मधून बाहेर व खालून वर नेईन, त्यामुळे कापडाला चुण्या पडणार नाहीत. चिन्हाखालची अक्षरे फार बारीक आहेत, ती थोडी मोठी करावी लागतील.”

एवढे वाचताच गिऱ्हाइकाला कळते की या माणसाने आपले काम पाहिले आहे आणि त्याला ते येते. सोबत पूर्वी केलेल्या कामाचे, कापडावर भरलेले, एक-दोन फोटो जोडावेत. वीस फोटोंची गरज नाही.

3) काय देणार आणि काय देणार नाही, हे लिहावे

किती डिझाइन, कोणत्या मापाची, फाईल कोणत्या प्रकारची (टोपी व शर्टाच्या यंत्रांना बहुधा डीएसटी चालते), किती दिवसांत, किती वेळा दुरुस्ती फुकट आणि त्यानंतर काय दर, हे स्पष्ट असावे. तोंडी सौद्यात नंतर भांडण होते. दर सांगताना मंचाची दलाली धरावी. 2025 पासून नव्या करारांवर ती शून्य ते 15 टक्के आहे व प्रस्ताव पाठवण्यापूर्वी दिसते. केवळ काम मिळावे म्हणून दर पाडू नये. एकदा पाडलेला दर वर नेणे किती कठीण, हे कोऱ्या कापडाचा सौदा करणाऱ्यास सांगावे लागत नाही.

4) अमानत जमा झाल्याशिवाय सुई चालवू नये

ठरावीक रकमेच्या कामात गिऱ्हाइकाचे पैसे आधी मंचाकडे अमानत राहतात. यास एस्क्रो म्हणतात. काम टप्प्यांत वाटावे: बारा डिझाइन असतील तर चार-चारचे तीन टप्पे. टप्प्याची रक्कम जमा झाल्याचे दिसेपर्यंत एकही फाईल देऊ नये. नमुना मागितला तर जुन्या कामाचा फोटो दाखवावा. काम पूर्ण होताच ते फक्त संदेशातून न पाठवता ‘पेमेंटसाठी काम सादर करा’ या बटणानेच द्यावे. तसे केल्यास गिऱ्हाइकाने 14 दिवसांत काहीच कळवले नाही, तर रक्कम आपोआप कारागिराच्या नावे सुटते. “दलाली वाचवू, बाहेरून पैसे घ्या” असे कोणी म्हणाला तर ऐकू नये. ते नियमाविरुद्ध आहे आणि बाहेर गेल्यावर अमानतीचे संरक्षणही राहत नाही.

शेवटी, एक वही ठेवावी. तारीख, काम, खर्च झालेले कनेक्ट, सांगितलेला दर व आलेले उत्तर, असे रकाने आखावेत. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात झालेले असतात. त्या वेळेस संदेश पाहण्याची सवय लावावी.

भाच्याने या पद्धतीने पुढे नऊच प्रस्ताव पाठवले. दोन उत्तरे आली व एक काम मिळाले: बारा डिझाइन, 40 डॉलरचे तीन टप्पे. दुसऱ्या टप्प्यानंतर हाही गिऱ्हाईक गप्प झाला. मुलाचा चेहरा पुन्हा उतरला. परंतु या वेळी काम रीतसर सादर केले होते. मुदत भरली आणि पैसे सुटले. तिसऱ्या टप्प्याची अमानत आली नव्हती, म्हणून त्याने ते काम सुरूच केले नाही.

आता तो दुकानात बसत नाही. संध्याकाळी मात्र वही घेऊन येतो आणि आम्ही दोघे मिळून हिशेब पाहतो.