आईला मीच आत झोपवलं

प्रश्न : ती विसर्जनाची रात्र. आई अंगणात झोपते म्हणाली. पाऊस येईल म्हणून मीच तिला हट्टाने आत झोपवलं. पहाटे भूकंपात घर पडलं. आई गेली, मी वाचलो. अजून धड झोप लागत नाही.
— एक वाचक, लोहारा तालुका

उत्तर : दादा, ३० सप्टेंबर १९९३ च्या त्या पहाटे चारच्या सुमारास सास्तूर-किल्लारीच्या पट्ट्यात हजारो माणसं गेली. त्यांना मारलं ते मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी आणि माळवदाच्या भाराने. तेच माळवद उन्हाळ्यात गारवा देई, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोक त्याखाली निर्धास्त झोपले. तुम्ही आईला पावसापासून जपलं. आज जे ठाऊक आहे ते तेव्हाच ठाऊक होतं, असं धरून तुम्ही स्वतःला शिक्षा देताय. हा न्याय नव्हे.

आपण वाचलो याचाच अपराधभाव मोठ्या आपत्तीनंतर पुष्कळांना छळतो. पण इतकी वर्षं झोप उडाली असेल, तर त्यावर उपचार घ्यायलाच हवेत आणि ते आहेत. भावंडं असतील, तर त्यांच्यापैकी कुणाला तरी हे सांगा. त्यांच्याही मनात असंच काही दडलेलं असू शकतं. आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर आजच फोन करा, मराठीतून बोला.