आजचं चिंतन : 'स्वधर्म' सापडायला उशीर झाला तर?

(भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ३५)



आजच्या श्लोकात भगवंत सांगतात, की दुसऱ्याचा धर्म कितीही छान जमत असला, तरी आपला उणा-अधुरा स्वधर्मच बरा. हा श्लोक मी बरीच वर्षं घाबरतच वाचायचो. कारण माझा स्वधर्म कोणता, हेच मला ठाऊक नव्हतं.

इंजिनिअरिंग केलं, कारण मार्क होते. हिंजवडीत तीन वर्षं नोकरी केली, कारण सगळे करत होते. मग ती सोडून सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेसाठी दोन वर्षं काढली. दोन्ही वेळा पूर्व परीक्षेतच अडकलो. घरी बाबा काही बोलायचे नाहीत, आणि तेच जास्त लागायचं.

त्या काळात रविवारी एका वस्तीत मुलांना गणित शिकवायला जायचो. आठवीतला एक मुलगा वही उघडायचाच नाही. मी त्याला दोनदा रागावलो, एकदा जोरदार भाषण दिलं. उपयोग शून्य. एकदा मीच थकलो होतो, म्हणून नुसता त्याच्या शेजारी बसून राहिलो. दहा-पंधरा मिनिटांनी तो म्हणाला, "दादा, घरी रोज भांडणं होतात. आकडे दिसतच नाहीत मला."

त्या रात्री गीता पहिल्यापासून वाचायला घेतली आणि एक गोष्ट पहिल्यांदाच लक्षात आली. पहिल्या अध्यायात श्रीकृष्ण जवळजवळ बोलतच नाहीत. जमलेल्या कौरवांकडे बघ, एवढंच सांगतात. पुढे अर्जुन बोलतो, रडतो, धनुष्य टाकतो. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला भगवंत त्याला खडसावतात. पण त्यानंतरही अर्जुन 'लढणार नाही' म्हणून गप्पच बसतो! खरी शिकवण सुरू होते ती अर्जुनाने स्वतःहून 'मला शिकव' म्हटल्यावर. आणि अठराव्या अध्यायात इतकं सगळं सांगून झाल्यावर भगवंत म्हणतात, यावर नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. निर्णय अर्जुनाचाच.

आधी ऐकणं, मग सांगणं, शेवटी निर्णय त्याच्यावर सोडणं. शाळेतला समुपदेशक दुसरं काय करतो?

पण मनात एक शंका होतीच. अर्जुनाला सोडून जायचं होतं आणि भगवंतांनी त्याला थांबवलं. मग मी सोडतोय ते पळणं नाही कशावरून? खूप विचार केल्यावर एवढं कळलं, की अर्जुनाला कुठे जायचंय हे माहीत नव्हतं. त्याला फक्त समोरचं नको होतं. माझ्या आधीच्या दोन्ही उड्या तशाच होत्या. 'हे नको' म्हणजे स्वधर्म नव्हे. म्हणून मी घाई केली नाही. आणखी एक वर्ष रविवारचा वर्ग चालू ठेवला. फळ दिसत नसतानाही तिथे जावंसं वाटत राहिलं, तेव्हा कुठे मानसशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. वय एकोणतीस.

उशीर झाला असं वाटलं, की मी साने गुरुजींना आठवतो. पालगड, दापोली, औंध, मग पुण्याचं नूतन मराठी विद्यालय असं शिक्षण गरिबीत झालं. पुढे अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात गेले, पण ओढा मुलांकडे होता. १९२४ मध्ये तिथल्याच शाळेत शिक्षक झाले आणि वसतिगृहातल्या मुलांची आई झाले. त्यांचे विस्कटलेले कपडे आवरायचे, अंथरुणं नीट करायचे. 'समुपदेशन' हा शब्दही तेव्हा कुणाच्या तोंडी नसेल. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती लिहून घेतली याच गुरुजींनी. तिथेही आधी ऐकणंच!

आणि गंमत बघा, ज्या सदाशिव पेठेत मी हताश होऊन फिरायचो, तिथेच ज्ञान प्रबोधिनी आहे. मानसशास्त्राचे अभ्यासक आप्पा पेंडसे यांनी ती १९६२ मध्ये सुरू केली. रोज तिच्यावरून जायचो. दिसायची, पण 'दिसत' नव्हती.

आज पुण्यातल्या एका शाळेत मी समुपदेशक आहे. पगार हिंजवडीपेक्षा कमी आहे. सगळी मुलं बोलतात असंही नाही. काही वेळा माझी मर्यादा ओळखून मुलाला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावं लागतं. त्याच्या जिवाला धोका असेल, तर 'कुणाला सांगू नका' हे वचन देता येत नाही. मुलगा चिडतो. तेही सोसायचं. श्लोकातला 'उणा-अधुरा' शब्द आता मला धीर देतो. काम आपलं असलं, तरी ते रोज जमेलच असं भगवंतांनी कुठे म्हटलंय?

आजचा अभ्यास

१. तुम्ही आज जे सोडू पाहताय, त्यापुढे 'कुठे जायचंय' हे एका वाक्यात लिहा. लिहिता येत नसेल, तर थोडं थांबा.

२. फळ दिसत नसतानाही तुम्ही कोणतं काम करत राहता?

३. आज एका माणसाचं दहा मिनिटं ऐका. सल्ला द्यायचा नाही.

आणि मन फारच अंधारलं असेल, तर एकटे राहू नका. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो. अर्जुनानेही मदत मागितलीच होती.

प्रार्थना : पांडुरंगा, वाट दिसेपर्यंत चालण्याचं बळ दे, आणि समोरच्याचं ऐकण्याइतकं मला शांत कर.

राम कृष्ण हरी!