बरं वाटतंय, पण रक्तदाब मोजलात का?



तुआसमध्ये पाळीने काम करणारे आपण म्हणतो, “त्रास नाही, म्हणजे बीपी नाही.” हे खरे का नाही, ते पाहू.

मानेतील धमन्यांमध्ये दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोके असतात. ती क्षणोक्षणी मेंदूला कळवतात. दाब वाढला की मेंदू हृदयाची गती कमी करतो, रक्तवाहिन्या सैल करतो. १९७३ साली डोबा आणि मेंदूशास्त्रज्ञ डोनाल्ड रीस यांनी उंदरांच्या मेंदूतील हे संदेश घेणारे केंद्र निकामी केले; रक्तदाब लगेच भडकला.

मग मेंदू उच्च रक्तदाब रोखत का नाही? धम्मदीक्षेच्याच वर्षी, १९५६ मध्ये, अमेरिकेत मॅककबिन, ग्रीन आणि पेज यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवले की दाब दीर्घकाळ चढा राहिला तर ही टोके त्यालाच सरावतात. एसी चालू, पण आकडाच चुकीचा लावलेला! आणि सहसा काही जाणवतही नाही.

धम्म ‘एहिपस्सिको’ आहे: या, स्वतः पाहा. रक्तदाबही पाहा. पाच मिनिटे शांत बसून मोजा, लिहून ठेवा. वारंवार १४०/९० किंवा जास्त आला तर डॉक्टरांना भेटा. आनापानसती जरूर करा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.