तक्रारीची नोंद आणि दोषाचा शोध

संकेतस्थळे उभारण्यासाठी वापरली जाणारी वर्डप्रेस ही आज्ञावली २००३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात मुळात नसलेली सोय हवी असेल, तर एक जोडघटक बसवतात. त्यास प्लगइन म्हणतात. निरनिराळ्या व्यक्तींनी लिहिलेली अशी दहा-वीस प्लगइन एका संकेतस्थळावर एकत्र नांदत असतात. ती एकमेकांच्या आड येणार नाहीत, याची हमी मात्र कोणीच घेतलेली नसते. दोन प्लगइनांनी आपापल्या सूचनासंचाला एकच नाव दिले, तर पीएचपी ही संगणकीय भाषा ते नाव पुन्हा स्वीकारत नाही आणि सारे काम तेथेच थांबते.

अशा वेळी ‘पान उघडत नाही’ एवढीच तक्रार आली, तर तिचा उपयोग थोडा. वर्डप्रेसची, पीएचपीची व प्रत्येक प्लगइनची आवृत्ती कोणती, बिघाडापूर्वी शेवटचा बदल कोणता केला, पडद्यावर कोणता संदेश उमटला, हे जसेच्या तसे लिहिलेले असावे लागते. मग संकेतस्थळाच्या प्रतीवर सर्व प्लगइन बंद करून एकेक चालू करतात. जे चालू करताच बिघाड परततो, तेच दोषी असे मानण्याचा मोह होतो. परंतु भांडणाला दोन पक्ष लागतात. ते प्लगइन एकटे चालवून पाहिल्याखेरीज त्याच्या लेखकाला बोल लावणे अन्यायाचे होय.

कधी दोष तिसरीकडेच असतो. पानावरील बटणे व चित्रमाला यांना चालना देणारा ‘जेक्वेरी’ नावाचा आज्ञासंग्रह आहे. त्याच्या जुन्या पद्धतीने लिहिलेल्या प्लगइनांना ‘जेक्वेरी मायग्रेट’ हा साहाय्यक भाग सांभाळून घेत असे. ११ ऑगस्ट २०२० रोजी आलेल्या वर्डप्रेसच्या ५.५ या आवृत्तीत तो आपोआप चालू होणे थांबले. कोठे बटण दाबले जाईना, कोठे चित्रमाला अडून बसली. तक्रारी वेगवेगळ्या प्लगइनांविषयी होत्या. पण आवृत्ती व संदेश नोंदलेल्या तक्रारी शेजारी ठेवल्या, की त्यांचे मूळ एकच असल्याचे दिसे. वर्डप्रेसच्या कार्यकर्त्यांनी तो भाग तात्पुरता परत जोडणारे प्लगइन दिले. जुनी पद्धत कोठे वापरली जात आहे, याची नोंदही ते ठेवत असे. डिसेंबर २०२० मध्ये ५.६ या आवृत्तीबरोबर जेक्वेरीच बदलली. तोवर लेखकांना चार महिन्यांची सवड मिळाली.