दिसत नाही म्हणजे चालत नाही, असं नव्हे

चि. भाच्यास,

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे अपडेट थांबवले, तेव्हा भोसरीच्या मशीन शॉपमधला जुना पीसी तू लिनक्सवर नेलास, हे बरं केलंस. आता विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाईनमधून जी-कोडचं सॉफ्टवेअर उघडलं की विंडो कधी काळी पडते, कधी गायब होते. पण तेवढ्यावरून 'हे इथे चालतच नाही' असा निकाल देऊ नकोस. विंडोजमध्ये विंडोची चौकट, जागा, कोण वर आणि कोण खाली हे एकाच घरात ठरतं. लिनक्सवर ते बहुतेकदा विंडो मॅनेजर नावाचा वेगळाच प्रोग्राम ठरवतो, आणि १९९३पासून घडत आलेलं वाईन या दोघांमधला दुभाषा आहे. दुभाष्याची गल्लत झाली तरी आतला हिशेब बरोबर चाललेला असू शकतो. समजा, मशीनचा सेटर फाइल सेव्ह करतो आणि विंडो गोठते, क्लिक लागत नाही. वैतागून तो पीसीच बंद करतो. अशा वेळी 'जुनी फाइल पुसू का?' असं विचारणारी छोटी पेटी पुष्कळदा मुख्य विंडोच्या मागे उघडलेली असते आणि प्रोग्राम उत्तराची वाट बघत बसलेला असतो. ऑल्ट-टॅबने ती सापडते. वाईनच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्सखाली व्हर्च्युअल डेस्कटॉप चालू केलास, की सगळ्या पेट्या एकाच मोठ्या विंडोत येतात आणि त्यांचा क्रम वाईन स्वतः लावतं. तेवढ्याने पेटी पुढे आली, तर दोष सॉफ्टवेअरचा नाही, सीमेवरचा आहे.

चौकट नीट पण आत काळोख, तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर घे. टर्मिनलमध्ये 'जीएलएक्सइन्फो' चालव. रेंडररच्या ओळीत 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं, तर चित्र कार्डाऐवजी प्रोसेसर काढतोय. बटणं कापली जात असतील तर डीपीआय बघ. वाईनचा मूळ आकडा ९६ आहे. मात्र एका वेळी एकच बदल कर. बोअरचा साइज गेला म्हणून तू टूल, इन्सर्ट आणि ऑफसेट एकदम बदलत नाहीस. बदललेस तर चाकणच्या कंपनीला पाठवायच्या व्हाय-व्हायमध्ये, म्हणजे चुकीच्या कारणांच्या अहवालात, लिहिणार काय?

तू म्हणशील, डिस्पॅच तोंडावर असताना एवढं कोण बघतं, सॉफ्टवेअर पुन्हा टाकणं सोपं. ते सोपं दिसतं खरं. पण विंडो मागच्या वेळी कुठे होती हे अनेक प्रोग्राम रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगच्या नोंदवहीत, लिहून ठेवतात. दुसरा मॉनिटर काढून टाकला, तरी विंडो त्याच नसलेल्या पडद्यावर उघडत राहते, आणि पुन्हा इन्स्टॉल केल्यावरही ती नोंद बहुधा तशीच उरते. व्हर्च्युअल मशिनमध्ये विंडोजच ठेवावं, हा आक्षेप मात्र अर्धा मान्य. सॉफ्टवेअर डोंगल, म्हणजे पीसीला लावायची लायसन्सची चावी, मागत असेल आणि त्याला विंडोजचा ड्रायव्हर लागत असेल, तर वाईनशी झटापट करू नकोस. हार्डवेअरचे असे ड्रायव्हर ते सहसा चालवत नाही. पण निव्वळ विंडो दिसत नाही म्हणून लायसन्स आणि जादा रॅमचा खर्च करणं मला पटत नाही.

हे सगळं गुरुवारी कर, एमआयडीसी बंद असते तेव्हा. आधी होम फोल्डरमधल्या लपलेल्या '.वाईन' फोल्डरची प्रत काढ, आणि व्हर्च्युअल डेस्कटॉप सरसकट न लावता फक्त त्या एका प्रोग्रामपुरता लाव.

तुझा,
मामा