विचारालाही टाइम-टेबलमध्ये जागा द्या!

आपल्या हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर दोन-तीन तरी भावी उद्योजक राहतात. रात्री मेसवरून परत येताना कंपनीचं नाव ठरतं, लोगो ठरतो, कधीकधी तर सीईओ कोण यावरून भांडणही होतं. पण कंपनी निघाल्यावर मालकाचा दिवस कसा जातो, हे फारसं कुणी विचारत नाही. सकाळी सप्लायरचा फोन, मग बँक, मग जीएसटीचं रिटर्न, दुपारी गिऱ्हाइकाची तक्रार आणि संध्याकाळी न आलेल्या कामगाराच्या जागी स्वतः उभं राहणं! या सगळ्यात 'आपण बरोबर दिशेनं चाललोय का?' हा प्रश्न त्यानं विचारायचा तरी कधी? हा लेख त्या एका प्रश्नाबद्दल आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली आहे, त्यामुळे लिहिताना इंग्लिश शब्द मध्ये मध्ये येणारच. तेवढं सांभाळून घ्या.

डोक्यातलं थ्रॅशिंग

ऑपरेटिंग सिस्टिम्स या विषयात आपण सगळ्यांनी थ्रॅशिंग शिकलेलं आहे. व्हायवाला हमखास येणारा प्रश्न! मेमरी तेवढीच ठेवून प्रोसेस वाढवत गेलं, तर सुरुवातीला सीपीयू जास्त कामात राहतो. पण एका मर्यादेनंतर आलेख एकदम खाली कोसळतो. मशीनचा सगळा वेळ डिस्कवरून पेज आत आणण्यात आणि बाहेर टाकण्यात जातो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, केवढी धावपळ चाललीय! खरं काम मात्र जवळजवळ थांबलेलं असतं. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली यावर पेपर लिहिला. त्यातला मुद्दा साधा आहे. प्रत्येक प्रोसेसला तिच्या गरजेपुरती जागा मिळाली पाहिजे, आणि सगळ्यांना पुरत नसेल तर काही प्रोसेस बाहेर थांबवल्या पाहिजेत.

माणसाचंही तसंच होतं. सोफी लेरॉय या संशोधिकेनं २००९ साली दाखवलं, की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं तरी लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो आणि त्यामुळे दुसरं काम खालावतं. फोन दोन मिनिटांचा असला तरी तो ठेवल्यावर डोकं लगेच मोकळं होत नाही, ते यामुळेच. उद्योजकाच्या दिवसात अशी अर्धवट कामं डझनभर तरी असतात. म्हणून 'सगळी कामं संपली की शांतपणे विचार करू' हा बेत कधीच पार पडत नाही. कामं संपतच नाहीत. विचारासाठी वेळ उरत नसतो, तो आधी काढून ठेवावा लागतो.

बिल गेट्स यांचा आठवडा

याचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बिल गेट्स. मायक्रोसॉफ्टची सूत्रं त्यांच्या हातात होती तेव्हा ते वर्षातून दोनदा एकेक आठवडा अमेरिकेच्या वायव्य भागात, पाण्याकाठच्या एका कॉटेजमध्ये एकटे जाऊन राहत. याला ते 'थिंक वीक' म्हणत. घरचे लोक नाहीत, ऑफिसचे लोक नाहीत, भेटीगाठी नाहीत. जेवणसुद्धा तिथला केअरटेकर आणून द्यायचा.

पण ते तिथे नुसते समुद्राकडे बघत बसत नसत, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कंपनीतल्या लोकांनी लिहिलेल्या पेपरांचा गठ्ठा त्यांच्यासोबत असे. ते वाचायचे, त्यावर शेरे लिहायचे आणि पुढे काय करायचं ते ठरवायचं, असा तो कार्यक्रम होता. २६ मे १९९५ रोजी त्यांनी आपल्या अधिकाऱ्यांना 'द इंटरनेट टायडल वेव्ह' नावाचा मोठा मेमो पाठवला, त्याचं मूळही अशाच एका थिंक वीकमध्ये असल्याचं सांगितलं जातं. ते दिवस आठवा. विंडोज ९५ बाजारात यायला तीन महिने राहिले होते. म्हणजे कंपनीत अक्षरशः लगीनघाई! अशा वेळी मालकानं सांगितलं, की आता इंटरनेट ही आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. जे अ‍ॅलार्ड या तिथल्या तरुण कर्मचाऱ्यानं १९९४च्या जानेवारीतच इंटरनेटबद्दल लेखी टिपण दिलं होतं. म्हणजे माहिती कंपनीत होतीच. ती नीट वाचून दिशा बदलायला निवांत डोकं लागलं.

एक प्रश्न पुरतो

'त्यांना जमतं हो, आम्हांला आठवडाभर कोण सोडणार?' असं कुणी म्हणेल. म्हणून दुसरं उदाहरण देते. यात फक्त दोन माणसं, एक ऑफिस आणि एक प्रश्न आहे.

इंटेल कंपनी १९६८ साली निघाली ती मेमरी चिप बनवायला. आज आपण इंटेल म्हटलं की प्रोसेसर समजतो, पण तेव्हा मेमरी हीच तिची ओळख होती. १९८०च्या दशकात जपानी कंपन्यांनी चांगल्या दर्जाच्या मेमरी स्वस्तात आणल्या आणि इंटेलचा धंदा घसरू लागला. चर्चा, मीटिंगा, वाद हे सगळं जवळजवळ वर्षभर चाललं आणि निर्णय काही होईना. १९८५च्या मध्यावर अँडी ग्रोव्ह आणि गॉर्डन मूर असेच बसले होते. ग्रोव्ह यांनी विचारलं, की आपल्या दोघांना काढून बोर्डानं नवा माणूस आणला तर तो काय करेल? मूर यांनी लगेच उत्तर दिलं, की तो मेमरीतून बाहेर पडेल. मग तेच आपण का करू नये, असं ग्रोव्ह म्हणाले. पुढे अंमलबजावणी सोपी नव्हती, कारखाने बंद झाले, लोकांच्या नोकऱ्या गेल्या. पण इंटेलनं प्रोसेसरवर भर दिला आणि १९९२ साली ती जगातली सर्वांत मोठी सेमीकंडक्टर कंपनी झाली.

वर्षभराच्या मीटिंगांत जे सुटलं नाही, ते एका नेमक्या प्रश्नानं सुटलं. आपण बाहेरचे आहोत असं समजून आपल्याच कंपनीकडे बघणं, हे खोल विचाराचं काम आहे. रोजच्या घाईत ते सुचत नाही, कारण घाईत आपण आतलेच असतो.

रात्रीचे तीन आणि गुरुवार

पॉल ग्रॅहॅम यांनी २००९ साली एका निबंधात मेकर आणि मॅनेजर यांच्या वेळापत्रकातला फरक सांगितला. मॅनेजरचा दिवस तासातासाचा असतो. तास रिकामा दिसला की टाक मीटिंग! मेकरला, म्हणजे काही घडवणाऱ्याला, निदान अर्धा दिवस सलग लागतो, आणि मधली एक मीटिंग त्याची अख्खी दुपार वाया घालवते. नव्या उद्योजकाची पंचाईत अशी, की त्याला दोन्ही व्हावं लागतं. ग्रॅहॅम स्वतःची कंपनी चालवत असताना रात्रीच्या जेवणापासून तीनपर्यंत प्रोग्रॅमिंग करायचे, अकरापर्यंत झोपायचे आणि नंतर जेवणापर्यंत धंद्याची बाकी कामं बघायचे. हॉस्टेलवाल्यांना हे टाइम-टेबल ऐकून धन्य वाटेल, पण आपण रात्री तीनपर्यंत काय करतो तेही एकदा आठवा!

तिसरं उदाहरण माझ्या घरचं. पप्पांचं भोसरीला एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि पाच कामगार. तिथे गुरुवारी सुट्टी असते. त्या दिवशी पप्पा सकाळी नऊ ते अकरा अर्धं शटर उघडून आत एकटे बसतात. मोबाईल घरी मम्मीकडे. समोर एक जुनी डायरी. मी एकदा विचारलं, "पप्पा, सुट्टीच्या दिवशी काय करता तिथे?" ते म्हणाले, "अगं, मशीन चालू असताना मी कामगार असतो. गुरुवारी दोन तास मालक असतो."

त्या डायरीत एका गुरुवारी त्यांनी लिहिलं होतं : 'मोठ्या कंपनीनं काम थांबवलं तर किती दिवस पगार देता येईल?' हिशेब मांडला तर उत्तर आलं चाळीस दिवस. तेव्हा ऑर्डरी भरपूर होत्या, काळजीचं काही कारण नव्हतं. तरी त्यांनी कमी रेटचे पण वेळेवर पैसे देणारे दोन छोटे ग्राहक जोडले. दोन वर्षांनी मोठ्या कंपनीचं काम निम्म्यावर आलं. वर्कशॉप बंद पडलं नाही, पाचही कामगार टिकले आणि माझी फी त्या वर्षीही तारखेला भरली गेली. म्हणून माझ्यासाठी हा विषय नुसता पुस्तकातला नाही.

आपण काय करायचं?

वरच्या उदाहरणांवरून मला सुचलेल्या गोष्टी अशा :

१. वेळ ठरवा. आठवड्यातून सलग दोन तास, तोच वार आणि तीच जागा. प्रॅक्टिकल जसं चुकवत नाही, तसं हेही चुकवायचं नाही.

२. प्रश्न आदल्या दिवशी लिहून ठेवा. 'कंपनीचा विचार' हा प्रश्न नव्हे. 'याला पैसे कोण देईल आणि का देईल?' हा प्रश्न झाला. एका बैठकीला एकच.

३. वाचायला काहीतरी घेऊन बसा. हिशेबाची वही, ग्राहकांची बोलणी, तक्रारी. कच्चा माल नसेल तर डोकं त्याच त्याच गोष्टी दळत राहतं.

४. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. सायलेंटवर ठेवून भागत नाही.

५. उठताना निदान पाच ओळी लिहा. शेवटची ओळ 'म्हणून या आठवड्यात मी अमुक करणार' अशी हवी. ती नसेल तर आपण दिवास्वप्न बघत होतो असं समजावं.

आम्ही चार मैत्रिणी ठिबक सिंचनासाठी जमिनीचा ओलावा मोजून मोटर चालू-बंद करणारं यंत्र बनवतोय. सातव्या सेमिस्टरला प्लेसमेंट सुरू होतील, त्याआधी नोकरी की कंपनी हे ठरवायचंय. चौघींच्याही घरी शिक्षणाचं कर्ज आहे, तेव्हा हा निर्णय गमतीचा नाही. सध्या आम्ही रविवारी सकाळी सात ते नऊ रीडिंग रूममध्ये बसतो. पहिला अर्धा तास बोलायचं नाही, फक्त लिहायचं. तिसऱ्या रविवारी एकीच्या कागदावर आलं : 'जमीन कोरडी आहे हे शेतकऱ्याला पायाखाली कळतं. त्याचा त्रास वेगळा आहे. वीज रात्रीच्या पाळीला येते आणि अंधारात मोटर चालू करायला जावं लागतं. त्यासाठी मोबाईलवरचे स्टार्टर बाजारात आधीच मिळतात. मग आपल्या यंत्राचे पैसे तो कशासाठी देईल?' खोलीत पाच मिनिटं कुणी बोललं नाही. लॅबमध्ये सेन्सर कॅलिब्रेट करण्यात आठ महिने गेले होते, पण हा प्रश्न तिथे कधी निघाला नव्हता. उत्तर अजून मिळालेलं नाही. येत्या सुट्टीत चौघी आपापल्या तालुक्यात पाच-पाच शेतकऱ्यांना भेटून तेच विचारणार आहोत.

तेव्हा मित्र-मैत्रिणींनो, कंपनीचं नाव आणि लोगो सावकाश ठरवा. त्याआधी येत्या रविवारचे दोन तास बाजूला काढा, एक कोरा कागद घ्या आणि वर फक्त एक प्रश्न लिहा. रीडिंग रूममध्ये सकाळी सातला जागा भरपूर असते, हे अनुभवानं सांगते!