जर्मनटाउनचा अर्ज
(मंडळीच्या अभ्यासवर्गाकरिता पाठ. वाचन : निर्गम २३:९, मत्तय ७:१२)

दरेकशावरून पूर्वेस जाणारी आगगाडी डोंगरगड, राजनांदगाव व दुर्ग करीत रायपुरास पोहोचते. रायपुराच्या दक्षिणेस धमतरी आहे. १८९९ साली तेथे अमेरिकेतून मेनोनाईट पंथाचे मिशनरी आले, आणि त्याच सुमारास पडलेल्या दुष्काळात त्यांनी भुकेल्यांस अन्न व अनाथांस आसरा दिला. या पंथाच्या अमेरिकेतील पहिल्या वसाहतीचा इतिहास आपण आज पाहू.

१. मूळ. १५२५ साली झुरिक शहरी काही विश्वासणाऱ्यांनी बालबाप्तिस्मा नाकारिला. ते शस्त्र धरीत नसत व शपथ वाहत नसत. याकरिता कित्येकांस बुडविण्यात व जाळण्यात आले. मेनो सायमन्स या डच पुढाऱ्यावरून त्यांच्यातील अनेकांस मेनोनाईट हे नाव पडले.

२. वसाहत. विल्यम पेन या क्वेकर गृहस्थास १६८१ साली पेन्सिल्व्हेनियाची सनद मिळाली. तेथे कोणाचाही धर्मासाठी छळ होणार नाही, असे त्याने जाहीर केले. १६८३ च्या ऑक्टोबरात क्रेफेल्ड गावची १३ कुटुंबे 'कॉन्कॉर्ड' जहाजाने तेथे उतरली. त्यांतील बहुतेक मूळचे मेनोनाईट, पुढे क्वेकर झालेले, व धंद्याने विणकर होते. फ्रान्सिस डॅनिएल पेस्टोरियस याच्या भुयारी घरात चिठ्ठ्या टाकून त्यांनी जमिनी वाटून घेतल्या व जर्मनटाउन वसविले. विल्यम रिटनहाउस हा तेथील मेनोनाईट मंडळीचा पहिला पाळक. १६९० साली त्याने भागीदारांसह त्या वसाहतींतील पहिला कागद-कारखाना काढिला. १७०८ साली मंडळीने लाकडी प्रार्थनागृह बांधिले.

३. अर्ज. आसपासचे प्रतिष्ठित लोक, क्वेकरही, आफ्रिकेतून आणिलेले गुलाम बाळगीत. १६८८ साली पेस्टोरियस, गॅरेट हेंडरिक्स, डेरिक व अब्राहाम ऑप डेन ग्रेफ या चौघांनी त्याविरुद्ध लेखी अर्ज केला. त्यांचे म्हणणे असे : तुर्कांनी आपणांस धरून विकावे हे आपणांस भयंकर वाटते, मग आपण दुसऱ्यास विकत घेणे निराळे कसे? युरोपात मतासाठी छळ होतो, येथे रंगासाठी. चोरी पाप असेल, तर चोरून आणिलेला मनुष्य विकत घेणे हेही पापच.

अर्ज मासिक सभेतून त्रैमासिक सभेकडे व तेथून वार्षिक सभेकडे गेला. प्रकरण फार वजनदार म्हणून कोणीही निर्णय दिला नाही. तो कागद विस्मृतीत गेला व १८४४ साली पुन्हा सापडला. मधल्या काळात इतरांनी तीच गोष्ट पुनःपुन्हा मांडिली, आणि १७७६ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने आपल्या सभासदांस गुलाम बाळगण्यास मनाई केली. हे होण्यास ८८ वर्षे लागली. साऱ्या अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली बंद झाली.

४. बोध. स्वतः छळ सोसलेला मनुष्य दुसऱ्याचा छळ ओळखतोच, असे नाही. अर्ज बाजूस सारणाऱ्या क्वेकरांनीही इंग्लंडात तुरुंग भोगिला होता. ओळखण्यासाठी दुसऱ्याच्या जागी स्वतःस उभे करावे लागते. त्या चौघांनी एवढेच केले, आणि तेही परक्यांपुढे नव्हे, तर आपल्याच सभेपुढे.

आपल्या देशात १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली. परंतु सालगड्याचा हिशेब, मजूर बाईची मजुरी व उसनवारीचे व्याज ही कायद्याच्या डोळ्याआड, आपल्या ओसरीवरच ठरतात.

विचारावयाचे प्रश्न :
(१) आपल्या पूर्वजांनी कोणता जाच सोसला? तो आज आपण कोणास देतो काय?
(२) 'प्रकरण वजनदार आहे' म्हणून आपल्या पंचांनी कोणती गोष्ट पुढे ढकलिली आहे?